बंदूकवाल्या इंदूताई

इंदूताईंच्या दुकानात नवा माणूस आला, की त्या चष्मा कपाळावर सारायच्या आणि विचारायच्या, "कोणाले मारायचं हाय?"

शेजारच्या दुकानात एखाद्या बाईला 'फॉल लावायचा का पिको?' असं विचारावं, तसा त्यांचा सूर असायचा. शेजारी खरोखरच फॉल-पिकोचं दुकान होतं आणि दुसऱ्या अंगाला स्टीलच्या भांड्यांचं. अमरावतीच्या जुन्या बाजारातल्या त्या अरुंद गल्लीत बंदुका मिळतात हे अर्ध्या शहराला ठाऊकही नसेल. मधूनच एखादी बाई साडीची पिशवी घेऊन चुकून आत शिरायची, भिंतीवर साखळीनं बांधलेल्या बंदुका पाहून दारातच थिजायची. इंदूताई तिलाही सोडायच्या नाहीत. "ये वो बाई, बस घडीभर. तुले कोणाले मारायचं हाय? नवऱ्याले का सासूले?" बाई तोंडाला पदर लावून हसायची, आणि पुढच्या खेपेला मुद्दाम डोकावून जायची.

बंदूक घ्यायला आलेल्या माणसाचं उत्तर मात्र त्या कान देऊन ऐकायच्या. कोणी हसायचं, कोणी 'हवेत बार काढायले पायजे' म्हणायचं. कोणी उत्तर द्यायच्या आधी जरा जास्तच विचार करायचं. अशा विचारवंताला त्या चहा पाजून परत पाठवायच्या. "उद्या येजा," म्हणायच्या, "आज मशीन बंद हाय." दुकानात कसलंही मशीन नव्हतं.

माझी त्यांची ओळख झाली ती रमेशदादामुळे. रमेशदादा माझा चुलत भाऊ. मी अमरावतीत कॉलेजात शिकवतो आणि मूर्तिजापूरकडचं आमचं वावर तो पाहतो. त्या साली रानडुकरांनी आमचा हरभरा असा उलथून टाकला, की कोणी बैल न लावता नांगरट करून गेलंय असं वाटावं. दादानं मनावर घेतलं, बंदूक आणायचीच. मग पीकसंरक्षणाच्या परवान्यासाठी त्यानं कचेरीचे उंबरे झिजवले. पोलीस घरी येऊन चौकशी करून गेले, डॉक्टरनं डोळे तपासले, बंदूक धरायचं शिक्षण झालं. शेवटी परवाना हातात पडला तेव्हा त्यानं गावात पेढे वाटले आणि मला सोबतीला घेऊन ताईंच्या दुकानाची पायरी चढला.

"कोणाले मारायचं हाय?"

दादा गांगरला. "डुकराले."

"परवानगी कोठी हाय त्याची?"

दादानं ऐटीत परवाना काउंटरवर ठेवला. ताईंनी तो नीट वाचला आणि परत त्याच्याकडे सरकवला.

"हा बंदुकीचा परवाना हाय, भाऊ. म्हणजे तुमचं लग्नाचं वय झालं, एवढंच सरकारनं सांगतलं. पोरगी अजून पाहायची हाय. डुक्कर मारायची परवानगी वनखातं देते, ते अलग. तिथं अर्ज करा. ते वावर पाहतीन, नुकसान पाहतीन, मंग हो म्हणतीन नाही तं नाही म्हणतीन."

"आन् हो म्हणलं तं?"

"तं मारा. मारलं का लगेच त्यायले फोन करा. ते येतीन, पंचनामा करतीन आन् डुक्कर जाळतीन नाही तं पुरतीन."

दादाचा चेहरा उतरला. पेढे खाणाऱ्या मंडळींना तो काहीतरी शब्द देऊन बसला असावा. "म्हणजे... मटणाचं कसं?"

"धूर खाजा," ताई म्हणाल्या. "धुराले बंदी नाही."

सत्तरीला टेकलेली बाई. अंगानं काटक, सुती साडी, मनगटावर नवऱ्याचं जुनं मोठं घड्याळ आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "बंदूक सुटली तं पळायले." दुकान मूळ त्यांच्या यजमानांचं. ते गेले तेव्हा भाऊबंदांनी गृहीत धरलं होतं की बाई दुकान विकेल आणि देवधर्माला लागेल. ताईंनी विक्रीचा परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला आणि देवधर्म दुकानाच्या कोनाड्यात आणून बसवला. रोज सकाळी आधी देवीला हळदकुंकू, मग भिंतीवरच्या बंदुकांना फडकं.

नव्या गिऱ्हाइकाची त्यांची परीक्षा ठरलेली होती. माणूस दुनळी पाहिजे म्हणाला, की त्या ती रिकामी करून, उघडून दाखवून, मिटवून त्याच्या हातात द्यायच्या. "धरा खांद्याले. समोरच्या क्यालेंडरावरच्या पोपटावर नेम धरा. मी चहा पिऊन घेते." मग बशीत चहा ओतून, फुंकर मारत, त्या शांतपणे प्यायला बसायच्या. बशी संपेपर्यंत माणसाचा हात लटलट कापू लागायचा, घाम फुटायचा, पोपटावरची नळी खाली तारखांवर यायची.

"अमावस्या मारली तुमी," ताई बशी खाली ठेवत म्हणायच्या. "आता एकनळी दाखवू का?"

रमेशदादानंही त्या दिवशी अमावस्याच मारली आणि मुकाट्यानं हलकी एकनळी घेतली.

बंदुकीसोबत उपदेश मिळायचा, आणि तो घेतल्याशिवाय त्या माणसाला उठू द्यायच्या नाहीत. "आवाजावर बार काढायचा नाही," हे पहिलं. "खसखस झाली म्हणजे डुक्करच असते असं नाही. सकाळच्या टायमाले वावरात कोण कोण बसलं असते आन् कावून बसलं असते, हे मी बाईमाणसानं तुमाले सांगावं का? डोळ्यानं पूर्ण जनावर दिसलं पायजे. डोकं, पाठ, शेपूट. त्याच्या मांगं काय हाय थे बी दिसलं पायजे." मग वाऱ्याचं. डुकराला दिसतं कमी पण वास फार, म्हणून वारा आपल्या तोंडावर येईल असं बसायचं. तंबाखू नाही, अगरबत्तीवाला सदरा नाही. घरी आलं की काडतुसं एका कुलपात आणि बंदूक दुसऱ्या. "आन् पिल्लंवाली मादी मारायची नाही. त्यात मर्दुमकी नाही आन् मले थे आवडत बी नाही."

त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा शेंडा नव्हता. उपदेशात ते बोट फार कामाला यायचं. रमेशदादा नळीत डोकावून पाहू लागला तेव्हा ताईंनी ते बोट त्याच्या नाकासमोर धरलं. "असंच पाहून राहिली होती मी. बोट होतं म्हणून डोळा वाचला." दादानं चटकन मान मागे घेतली. पुढच्या आठवड्यात मी काही कामानं गेलो, तर तेच बोट एका सरपंचाला दाखवणं चाललं होतं. सरपंचांना भरलेली बंदूक जीपमध्ये उभी ठेवायची सवय. "जीप खड्ड्यात गेली आन् बार झाला," ताई सांगत होत्या. आणखी एकाला ते बोट ओल्या काडतुसानं गेलं होतं. चौथ्याला सांगताना तर त्यात एक अस्वल आलं. प्रत्येकाचा जो दोष, त्या दोषानं ताईंचं बोट गेलेलं असायचं.

खरी हकिगत मला कळली ती त्यांचे धाकटे भाऊ अंजनगावहून आले तेव्हा. दुकानात एक गिऱ्हाईक बोटाकडे हळहळून पाहत होतं. भाऊ सहज म्हणाले, "लहानपणी कडबा कापायच्या मशीनीत घातलं हिनं. बैलाले चारा टाकून राहिली होती." गिऱ्हाईक ताईंकडे पाहू लागलं. ताई जराही ओशाळल्या नाहीत.

"बरं झालं गेलं थे," म्हणाल्या. "धड बोट दाखवून कोणी ऐकलं असतं का माह्यं?"

एकदा अकोल्याहून एक तरुण आला. टाइल्सचं मोठं शोरूम, पातूरच्या रस्त्याला शेत, त्यात बांधलेलं टुमदार घर. त्यानं मोबाईलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले होते. ते पाहून त्यानं पानापानांच्या छापाचे हिरवे कपडे, तशीच टोपी, बोटं उघडी राहतील असे हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट आणि कमरेला सुरा असा सगळा सरंजाम जमवला होता. बंदूक तेवढी राहिली होती. तो आत आला आणि त्याच्या मागून अत्तराचा भपकारा आला.

"नमस्कार काकू," तो म्हणाला.

ताईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. चष्मा काढून पदराला पुसला. मग मला म्हणाल्या, "मास्तर, आवाज येऊन राहिला, माणूस दिसून नाही राहिला. कोणी हाय का तिथं झाडाझुडपात?"

पोरगा दिलदार होता, मोठ्यानं हसला. ताईंना तो तिथंच आवडला. त्यानं विचारलं, डुकरासाठी दुर्बीण बसवलेली बंदूक चांगली का? ताई म्हणाल्या, "दुर्बीण लांबचं पाहायले असते. तुमचं डुक्कर चपलीच्या अंतरावर येईन. तुमी असं करा, एक संध्याकाळ वावरात जाऊन बसा. बिनाबंदुकीचं. मोबाईल घरी. हा सगळा साज घालूनच बसा. मंग या, मी बंदूक देते."

तो परत आला तेव्हा साध्या शर्ट-पँटमध्ये होता. चेहरा डासांनी सुजलेला, दोन्ही तळहातांवर मलम. झालं असं, की साहेब धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दबा धरून समोर पाहत बसले होते आणि डुक्कर मागून आलं. वाऱ्यावर अत्तराचा वास कुठून येतोय ते पाहायला आलं असावं. त्याच्या पाठीशी येऊन ते जे एकदा फुरफुरलं, तशी स्वारी उठून जवळच्या बाभळीवर चढली. बाभळीवर कसं चढतात हे व्हिडिओत नव्हतं.

"काट्यांचं कळलंच नाही काकू, उतरताना कळलं," तो म्हणाला.

"मंग कोणती देऊ? एकनळी?"

त्यानं मान हलवली आणि हळूच विचारलं, "ते झटका मशीन कुठं मिळतं?" झटका मशीन म्हणजे शेताभोवतीच्या तारेत सौरऊर्जेवर हलका झटका सोडणारं यंत्र. ताईंनी स्वतः फोन लावून त्याला एका दुकानदाराचा पत्ता मिळवून दिला. तो गेल्यावर मी म्हटलं, "ताई, तुम्हीच गिऱ्हाईक घालवलं."

"घालवलं नाही, उतरवलं," त्या म्हणाल्या. "बाभळीवरून."

निवडणूक जाहीर झाली, की परवानाधारकांना आपापल्या बंदुका जमा कराव्या लागतात. काही पोलीस ठाण्यात जातात, काही परवानाधारक दुकानात. ताईंचं दुकान मग लग्नाच्या जानवशासारखं भरायचं. प्रत्येक बंदुकीच्या गळ्यात नावाची चिठ्ठी. खरी मौज त्यांच्या मालकांची असायची. परतवाड्याकडचे एक दादासाहेब होते, वय ऐंशीच्या घरात. त्यांच्या आजोबांच्या वेळची दुनळी. त्यांनी आयुष्यात तिच्यातून किती बार काढले असतील देव जाणे, पण ती जमा केल्यावर त्यांना करमेना. दोन दिवसांआड ते बसनं अमरावतीला यायचे. खुर्चीवर बसायचे. "ठीक हाय ना तिची तब्येत?" म्हणून विचारायचे. मग खिशातून मऊ फडकं काढून, काउंटरपलीकडूनच ताईंच्या हातून तिला पुसून घ्यायचे.

ताईंनी शेवटी भिंतीवर खडूनं लिहिलं: भेटण्याची वेळ दुपारी चार ते पाच. पेशंटला खाऊ आणू नये.

दादासाहेबांनी ते वाचलं आणि त्यांना त्यात थट्टा दिसलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून ते बरोबर चारला हजर होऊ लागले. पाच वाजले की स्वतःच उठायचे, आणि एकदा तर दुसऱ्या एका मालकाला 'टाइम झाला भाऊ, चाला' म्हणून सोबत घेऊन गेले. मतमोजणी झाली, बंदुका परत द्यायची वेळ आली, तेव्हा ताईंनी दुनळी दादासाहेबांच्या हातात ठेवून म्हटलं, "डिस्चार्ज देऊन राहिली. पथ्य पाळा तिचं. बार काढू नका." दादासाहेबांनी खरोखर वाकून नमस्कार केला.

असं सगळं हसण्यावारी चालायचं. फक्त एक दुपार तशी नव्हती.

चैत्रातलं ऊन. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. रमेशदादासाठी काडतुसं सांगून ठेवायला मी गेलो होतो आणि कूलरसमोर बसून पाणी पीत होतो. एक पन्नाशीचा माणूस आला. भास्करराव त्यांचं नाव, ताईंचे जुने गिऱ्हाईक, दर्यापूरकडचे शेतकरी. चेहरा काळवंडलेला, सदऱ्याच्या गुंड्या वरखाली लावलेल्या. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"काडतुसं पायजे."

"डुकराले का रोह्याले?" ताईंनी विचारलं. रोही म्हणजे नीलगाय.

"डुकराले."

ताई काडतुसांच्या कपाटाकडे वळल्या. मागून भास्कररावांनी विचारलं, "जवळून मारायले कोणतं बरं राहते?"

ताईंचा हात कपाटाच्या कडीवरच राहिला. पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या, "किती जवळून?"

"आंगणाइतकं."

ताई वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता. "बंदूक आणली का सोबत? आणा पाहू. मागच्या टायमाले पिन ढिली वाटली होती मले."

बंदूक बाहेर गाडीत होती. त्यांनी ती आणली. ताईंनी ती उघडून पाहिली, रिकामी असल्याची खात्री केली आणि पडद्यामागे घेऊन गेल्या. थोड्या वेळानं बाहेर आल्या तेव्हा तळहातावर एक नखाएवढी लोखंडी पिन होती.

"हे पाहा, घासली. बार उडणारच नाही, आन् उडाला तं मांगं उडन, तुमच्या तोंडावर. नवी मागवा लागन. बंदूक राहू द्या इथंच."

"मले आजच पायजे."

"आजच? डुकराची आज गाडी हाय का कोठी जायची? चुकते काय?"

भास्करराव हसले नाहीत. काउंटरवर दोन्ही हात टेकवून ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी करणार. ताईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला आणि डोळ्यांत पाहत राहिल्या. बऱ्याच वेळानं भास्करराव पाणी प्यायले, त्यांनी बंदूक दुरुस्तीला ठेवल्याची पावती घेतली आणि निघून गेले.

ते गेल्यावर ताई स्टुलावर बसल्या. त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो सगळा काउंटरवर सांडला.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "चैत हाय. वावरं मोकळी झाली. डुक्कर काय ढेकळं खायले येते का?"

त्यांनी पुढचं सांगितलं तेव्हा मला उलगडा झाला. भास्कररावांचा आणि त्यांच्या धाकट्या भावाचा, वसंतरावांचा, धुऱ्यावरून वाद होता हे ताईंना ठाऊक होतं. धुऱ्यावर एक मोठा निंब होता आणि त्याच्या सावलीची पट्टी दोघंही आपली म्हणत होते. दोघांची घरं समोरासमोर. मधे एकच अंगण.

मी म्हटलं, "ताई, पोलिसांना सांगायला हवं."

"सांगून राहिली," म्हणत त्यांनी फोन उचलला. ठाणेदाराला सगळं सांगितलं, बंदूक माझ्याजवळ आहे म्हणून सांगितलं. मग मला म्हणाल्या, "बंदूक तं ठेवून घेतली. पण घरात कुऱ्हाड बी असते ना. उद्या सकाळी गाडी काढजा."

सकाळी आम्ही गेलो. ताई सरळ वावरात जाऊन निंबाखाली बसल्या आणि मला दोघा भावांना बोलवायला पाठवलं. दोघं दोन वाटांनी आले, निंबाच्या दोन बाजूंना उभे राहिले. चहूकडे काळी भेगाळलेली जमीन. हिरवं म्हणून काही नाही.

ताई वसंतरावांना म्हणाल्या, "काल हे तुमचे भाऊ दुकानात आले होते. म्हणे, वावरात डुक्कर येऊन राहिलं. मी म्हणलं, पाहून तं येऊ."

वसंतराव हसले. "या दिवसात? इथं काय हाय त्याले खायले?"

"मी बी तेच म्हणलं. पण हे म्हणे, आंगणापर्यंत येते."

वसंतरावांचं हसू चेहऱ्यावरच थांबलं. त्यांनी भावाकडे पाहिलं. भास्करराव खाली पाहत होते, पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत. मग वसंतराव मटकन खाली बसले.

"भाऊ," ते म्हणाले, "मले?"

खांद्यावरचा दुपट्टा भास्कररावांनी तोंडात कोंबला, आणि त्यातून जो आवाज आला तो मला नीट सांगता येणार नाही. मोठा धाकट्यापासून चार हात लांब उभा राहून रडत होता आणि धाकटा जमिनीवर बसून त्याच्याकडे पाहत होता. ताई दोघांच्या मधे, निंबाला टेकून, आभाळाकडे पाहत बसल्या होत्या.

काही वेळानं त्या उठल्या, साडीची माती झटकली. "सरकारी मोजणी आणा," म्हणाल्या. "तोवर बंदूक माह्यापाशी. आन् चहा पाजा आता. दोघायच्या घरून पायजे. एकाच्या घरचा मी पिणार नाही."

चहा दोन घरांतून आला. दोन्ही कप त्यांनी एकाच बशीत ओतले.

दोघं भाऊ एका दिवसात गळ्यात गळा घालून हिंडू लागले असं काही झालं नाही. वसंतरावांनी कित्येक महिने अंगणाकडचं दार बंद ठेवलं. पण मोजणी झाली. आणि मोजणीत निघालं असं, की तो निंब भास्कररावांचा नाही, वसंतरावांचाही नाही. तो सरकारी पांदण रस्त्यात होता. ही बातमी कळली तेव्हा ताई दुकानात एकट्याच इतक्या हसल्या, की फॉल-पिकोवाली काय झालं म्हणून पाहायला आली.

पुढे ठाण्यातून होकार मिळाल्यावर भास्करराव बंदूक न्यायला आले. या खेपेला वसंतराव सोबत होते, जरा दूर, पायरीवर बसून. भास्कररावांनी खालच्या मानेनं विचारलं, "ताई, पिन आली का?"

"पिन कोठी गेली होती?" ताई म्हणाल्या. "थे पहिल्या दिवसापासून माह्या डब्यात हाय. मी तुमचं डोकं यायची वाट पाहून राहिली होती."

पायरीवरून वसंतराव खुदकन हसले.

गेल्या दोनएक वर्षांत ताईंची नजर अधू झाली. त्यांनी स्वतःच विक्रीचा परवाना परत केला, उरलेल्या बंदुका रीतसर दुसऱ्या दुकानात गेल्या, आणि नागपूरची लेक त्यांना घेऊन जायला आली. तिथं गेल्यावर पावसाळ्याआधीच त्या वारल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या नागपूरला निघायच्या आदल्या आठवड्यात, आमच्याच वावरात.

दुकानात निरोप घ्यायला आम्ही गेलो होतो, तेव्हा त्या रमेशदादाला म्हणाल्या होत्या, "भाऊ, इतक्या बंदुका विकल्या, इतक्या लोकायले शहाणपणा शिकवला. पण मी शिकार काही पाह्यली नाही कधी." आम्ही दोघं त्यांच्याकडे पाहतच राहिलो. दादाजवळ त्या हंगामाची वनखात्याची परवानगी होती. हरभऱ्याचा पुन्हा सत्यानाश चालला होता. तो म्हणाला, "चाला ताई. तुमच्यासमोर पाडतो एक."

थंडीची पहाट. तांबडं फुटलं होतं आणि हरभऱ्यावर दव होतं. धुऱ्यावर कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या गंजीआड आम्ही बसलो, वारा तोंडावर घेऊन, ताईंच्याच शिकवणीप्रमाणे. ताई स्वेटर, त्यावर शाल, कानाला मफलर अशा जय्यत तयारीत होत्या. बराच वेळ काही हललं नाही. मग नाल्याच्या बाजूनं ते आलं. मोठं, काळं, मानेवर केस उभे असलेलं धूड. चांगलं उजेडात आलं, पूर्ण दिसलं. डोकं, पाठ, शेपूट. मागे नुसती मोकळी टेकाडाची माती. दादानं बंदूक खांद्याला लावली.

आणि ताई शिंकल्या. साधीसुधी शिंक नाही. तोफ डागावी तशी, टेकाडावरून परत ऐकू आली.

धूड जागच्या जागी वळलं, आणि त्याच्या पायांतून, हरभऱ्याच्या सऱ्यांतून, पाठीवर पट्टे असलेली पिल्लंच पिल्लं उसळली. आईच्या मागून एका ओळीत, शेपट्या उभ्या करून, ती नाल्यात दिसेनाशी झाली.

दादानं बंदूक खाली केली, उघडली, काडतूस काढून खिशात टाकलं. मग बोलला, "ताई!"

"सर्दी झाली बावा मले," ताई म्हणाल्या. "थंडी किती हाय!"

"नजर अधू झाली ना तुमची? पिल्लं दिसली कशी?"

"कोणती पिल्लं?"

दादा कपाळाला हात लावून धुऱ्यावर बसला. ताई उठल्या आणि पांढऱ्या बुटांनी ओल्या हरभऱ्यात शिरल्या. जिथं डुकरांनी खाऊन तुडवलं होतं तिथून एक अर्धं मोडलेलं झाड उपटलं. मग वावराच्या दुसऱ्या अंगाला, जिथं डुकरं फिरकलीही नव्हती, तिथून एक. दोन्ही झाडं घेऊन त्या दादाच्या शेजारी येऊन बसल्या. इकडचा एक घाटा सोलून खाल्ला, तिकडचा एक सोलून खाल्ला, डोळे मिटून चावून पाहिलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमच्या डुकराची पारख चांगली हाय. हा इकडचाच गोड लागून राहिला."

दादानं एकदा नाल्याकडे पाहिलं. मग उठून तुडवलेल्या पट्ट्यातूनच त्यानं मूठभर झाडं उपटून आणली आणि ताईंच्या ओटीत टाकली. उन्हं वर येत होती. ताई एकेक घाटा सोलत होत्या, टरफलं दादाच्या बुटावर टाकत होत्या, आणि अधूनमधून, कोणी विचारत नसताना, नाक ओढत होत्या.